कुठल्या लालात लाल?

मराठी घरात टीव्ही मरत नाही, तो आतल्या खोलीत जातो. हॉलच्या भिंतीवर पंचावन्न इंची नवा आला की जुना, मागे पोट सुटलेला एकवीस इंची डबा "अजून ठणठणीत चालतोय की" एवढ्या एका शिफारशीवर आजीच्या खोलीत लोखंडी कपाटाशेजारी रुजू होतो. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल पडतो, रुमालावर पितळी कासव बसतं, आणि त्यानंतर चॅनल बदलण्यापलीकडे त्याला कोणी त्रास देत नाही. मग दिवाळीच्या सुट्टीत हॉलमध्ये मॅच लागते, घरातल्या कार्ट्याला तिथून हाकललं जातं, आणि ते कार्टं आपला गेमचा डबा काखोटीला मारून आजीच्या खोलीत येतं. आजीची काही हरकत नसते. हरकत टीव्हीची असते.

तोवर त्या टीव्हीची पाठ कोणी पाहिलेलीच नसते. टीव्ही आणि भिंत यांच्यामध्ये चार बोटांची फट. एकाने तिच्यात खांद्यापर्यंत हात घालायचा, दुसऱ्याने मोबाइलची बॅटरी भलतीकडेच धरायची, आणि तिसऱ्याने पलंगावर मांडी घालून "आलं का?" या प्रश्नाला "नाही" म्हणत राहायचं. फटीतला माणूस बोटांनी चाचपून भोकं मोजतो. रंग दिसण्याचा प्रश्नच नाही. इतक्या वर्षांच्या धुळीत पिवळं, पांढरं आणि लाल या तिन्ही भोकांनी करडा धर्म स्वीकारलेला असतो. त्यात काही टीव्हींना अशा भोकांच्या दोन रांगा, एक 'इन'ची आणि एक 'आउट'ची. 'आउट'मध्ये खोचलेली वायरही तितकीच घट्ट बसते. फक्त चित्र जन्मात येत नाही.

माणूस फसतो तो इथेच. आपल्याकडे कुठल्याही वस्तूची शेवटची परीक्षा एकच, "बसतंय का?" गॅसच्या नळीपासून जावयाच्या सफारीपर्यंत बसलं म्हणजे जमलं. या वायरींच्या राज्यात मात्र जे बसतं ते चालतंच असं नाही, आणि जे हमखास चालेल ते बहुतेक वेळा बसतच नाही.

नव्वदीच्या दशकात निवडीची भानगड नव्हती. कॅसेट खोचायचा तो गेम थेट अँटेनाच्या भोकात जायचा. गेमचा डबा म्हणजे स्वतःच एक चिमुकलं दूरदर्शन केंद्र. तो एका ठरावीक चॅनलवर चित्र सोडायचा आणि बिचाऱ्या टीव्हीला वाटायचं, कुठलं तरी स्टेशन लागलं. ते स्टेशन शोधायला टीव्हीच्या पुढच्या झाकणाआड बारीक चाकं असत, ती नखाने फिरवायची. मुंग्या, मुंग्या, पुन्हा मुंग्या, मग काहीतरी तिरकं पळतंय असं, आणि अचानक मारिओ! पोरं नाचायची. संध्याकाळी सातच्या बातम्यांना आजोबा येऊन बसले की बातम्यांच्या जागी मुंग्या, आणि मग त्या दिवशीच्या ठळक बातम्या घरातच घडायच्या.

अँटेनातून घुसण्याची ही युक्ती मूळची राल्फ बेअर या अमेरिकी इंजिनिअरच्या डोक्यातली. घराघरांत एवढे टीव्ही पडलेत, त्यांच्यावर नुसतं बघण्याखेरीज दुसरं काही करता येईल का, असा विचार त्याला १९६६ मध्ये सुचला आणि त्यातून १९७२ साली मॅग्नाव्हॉक्स ओडिसी हा घरगुती गेम बाजारात आला. त्याला रंग नव्हते आणि आवाजही नव्हता. टेनिसचं मैदान, भुताचा वाडा, सगळं पारदर्शक प्लास्टिकवर छापून खोक्यात दिलेलं असायचं. ते टीव्हीच्या काचेवर लावायचं आणि मागून पळणारा पांढरा ठिपका म्हणजे आपण, असं समजायचं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. आपण "लांब बसा, डोळे जातील" हे वाक्य पाठ करायला घेतलं, तेव्हा तिकडची पोरं टीव्हीच्या काचेला हात लावून प्लास्टिक सरळ करत होती.

मग पिवळी वायर आली आणि आजतागायत गेलेली नाही. खरं तर ती तिघींची जुडी: पिवळीतून चित्र, पांढरीतून डावा आवाज, लालमधून उजवा. दुकानात तिला नुसतं 'एव्ही' म्हणतात. यातली पिवळी म्हणजे काटकसरीची परमावधी. चित्रातला उजेड-अंधार, त्याचे रंग, आणि ओळ कुठे संपली, नवा पडदा कुठे सुरू झाला हे सांगणाऱ्या खुणा, असं अख्खं वऱ्हाड तिने एकाच एसटीत कोंबलेलं असतं. मुक्कामाला उतरल्यावर कोणाची ट्रंक कोणाच्या हातात जाईल याचा भरवसा नाही. म्हणून तर गेममधल्या हिरोच्या शर्टाचा लाल रंग शर्टाबाहेर ओघळतो, बारीक पट्ट्यांच्या भिंतीवर कोणी न मागितलेलं इंद्रधनुष्य उगवतं, आणि अक्षरांच्या कडेने ठिपके सरपटत जाताना दिसतात. लोकांना वाटतं, वायर हलकी आहे, भारीतली घेऊ. पण ही कोंबाकोंबी वायरीत होत नाही, ती गेमच्या डब्यातच उरकलेली असते. वायर सोन्याची घेतली तरी वऱ्हाड एसटीतच.

यावर जाणकारांनी तोडगे काढले. एस-व्हिडिओ नावाच्या वायरीत उजेडाला एक गाडी आणि रंगांना दुसरी दिली. चित्र लगेच सुधारतं, यात वाद नाही. फक्त तिचं टोक म्हणजे काळ्या गोल टोपणात चार सुया, आणि फटीत हात घालून अंदाजाने खोचायला गेलं की चारांतली एक हमखास वाकते. दाढीच्या चिमट्याने ती सरळ करणारे वीर मी पाहिले आहेत. त्यांच्याविषयी आदर आहे. पण आपल्याकडच्या बहुसंख्य डबा टीव्हींना हे भोकच नव्हतं, तेव्हा पुढे जाऊ.

पुढे म्हणजे कंपोनंट. इथे वऱ्हाडाला तीन गाड्या: हिरवी, निळी, लाल. पोट सुटलेल्या टीव्हीवर जुन्या गेमचं इतकं स्वच्छ चित्र मिळायची ही आपल्याकडची सर्वांत खात्रीची वाट, आणि माझ्या मते माणसाच्या बुद्धीची परीक्षा घेण्यासाठीच ती काढलेली असावी. कारण या तिघींसोबत आवाजाच्या दोन असतात, पांढरी आणि लाल. म्हणजे एका जुडीत पाच टोकं आणि त्यांत दोन लाल. दोन्ही लाल दिसायला सारख्या, जाडीला सारख्या, आणि दोन्ही दोन्ही भोकांत बसतात. वायर तयार करणाऱ्याने रंग एवढ्यासाठीच दिले की माणसाला विचार करावा लागू नये, आणि पाचव्या टोकाला त्याचा रंगांचा साठा संपला. जगात जांभळा आहे, नारिंगी आहे, आमच्या सोसायटीने जिन्याला लावलेला तो पिस्त्याचा रंगही आहे. तरी लाल दोनदा.

अदलाबदल झाली की काय होतं ते मी सांगतो. पडद्यावरच्या सगळ्या माणसांचे चेहरे आठवडाभर कावीळ लपवल्यासारखे हिरवट पडतात, आणि उजव्या स्पीकरमधून घरघर ऐकू येते, कारण चित्रातला लाल रंग स्पीकरमधून वाजत असतो. पलंगावरचा माणूस "आलं का?" ला पहिल्यांदाच "आलं, पण..." म्हणतो. फटीतल्या माणसाच्या आयुष्यात या "पण"इतका वाईट शब्द नाही. "लालात लाल घाल ना," बाहेरून सूचना येते. "कुठल्या लालात?" आतून प्रश्न. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

याच वायरीची दुसरी गंमत. पिवळं भोक सापडत नाही म्हणून, किंवा सापडूनही, हिरवं टोक पिवळ्यात खोचलं तर चित्र येतं. स्पष्ट, धारदार, आणि काळं-पांढरं. हिरव्या टोकातून हिरवा रंग येतो हा आपला समज. त्यातून येतो तो उजेड-अंधार आणि त्या खुणा. टीव्हीला तेवढं पुरतं आणि तो कृष्णधवल चित्र दाखवून मोकळा होतो. पोरगं रडकुंडीला येतं. आजी मात्र खूश असते. तिच्या मते टीव्ही पहिल्यासारखा झालेला असतो.

फ्रान्सने यावर सरळ सरकारी इलाज केला. सत्तरच्या दशकात तिथे स्कार्ट नावाचं एकवीस पिनांचं एकच रुंद टोक निघालं, आणि १९८० पासून देशात विकल्या जाणाऱ्या टीव्हींना ते सक्तीचं झालं. चित्र, आवाज, सगळं एकाच वेळी, एकाच भोकात. लालाचा तंटा नाही. युरोपातून परतलेल्या एखाद्या कुटुंबाच्या सामानात ते टोक अजून दिसतं. इथे त्याला भोकच नाही.

अमेरिकेतून परतलेल्यांची तऱ्हा वेगळी. न्यू जर्सीचा भाचा आपला जुना गेम प्रेमाने इथल्या मावसभावाला देऊन जातो. पहिलं विघ्न विजेचं: तिकडची १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची, आणि जुन्या डब्यांना हे सोसत नाही. कोणी भानावर असलं तर मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो, नसलं तर धूर निघतो. पहिलं विघ्न टळलं की दुसरं. आपल्याकडे १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या वेळी टीव्हीला रंग आला तो पाल पद्धतीचा, म्हणजे ६२५ ओळी आणि सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवायचा. अमेरिकेची पद्धत एनटीएससी: ओळी ५२५ आणि पडदा ६० वेळा. वायर तीच, टोकं तीच, रंगात रंग अचूक खोचलेले, आणि पडद्यावर काळं-पांढरं चित्र खालून वर गुंडाळत जातंय. "तिकडे तर मस्त चालत होतं," भाचा व्हिडिओ कॉलवर सांगतो. तिकडे रस्त्यावरचे खड्डेही बुजवलेले असतात, पण ते इथे लागू पडत नाही. नंतरच्या काळातल्या बऱ्याच टीव्हींच्या मेनूत 'सिस्टीम' नावाची ओळ असते. तिथे 'ऑटो' किंवा 'एनटीएससी' केलं की टीव्ही मुकाट्याने अमेरिकी होतो.

आता मेनूत जायचं म्हणजे टीव्हीचा रिमोट हवा. तो कुठाय? घरात जो रिमोट आहे तो सेट-टॉप बॉक्सचा. टीव्हीचा रिमोट त्यातल्या पेन्सिल सेलसकट कधीच परागंदा झालेला असतो, आणि गेमचं चित्र दिसायला टीव्ही 'एव्ही'वर न्यावा लागतो. सगळ्या वायरी बिनचूक लावून पाऊण तास निळ्या पडद्याकडे बघत बसलेली घरं आहेत. अशांसाठी सांगतो, पुष्कळ जुन्या टीव्हींत पुढच्या बटणाने चॅनल खाली खाली नेत एकच्या किंवा शून्याच्याही खाली गेलं की एव्ही लागतं.

हे सगळं झालं जुना गेम आणि जुना टीव्ही यांचं. प्लेस्टेशन २ ची एव्ही वायर प्लेस्टेशन ३ ला चालते, दोघांची मागची खाच एकच. पण २०१३ साली आलेल्या प्लेस्टेशन ४ ने पिवळ्या-लालशी संबंधच तोडले. त्याला एकोणीस पिनांचं चपटं एचडीएमआय तेवढं कळतं, आणि आजीच्या टीव्हीला ते कळत नाही. मग घरातला जबाबदार पुरुष मुंबईत असेल तर लॅमिंग्टन रोडला, पुण्यात असेल तर तपकीर गल्लीत जातो. घरून निघताना त्याला विचारलेलं असतं, "वायर कुठली ते नीट माहितीय ना?" आणि त्याने नुसतीच मान हलवलेली असते.

"गेमची वायर द्या."

"डबा का एलईडी?" दुकानदार वर न बघता.

"टीव्ही डबा आहे. गेम नवा आहे."

"मग वायर नाय, कन्व्हर्टर लागंल. त्याच्यापुढं एव्ही. मेल टू मेल देऊ का मेल टू फिमेल?"

शेजारी एलईडी माळा बघत उभ्या असलेल्या मावशी किंचित सरकून उभ्या राहतात. जबाबदार पुरुष आवाज खाली आणून म्हणतो, "दोन्ही दाखवा." दुकानदार तीन जुड्या काउंटरवर टाकतो. ही साधी, ही चांगली, ही गोल्ड प्लेटेड. किंमत दर जुडीला दुप्पट.

"फरक काय?"

"ही गोल्ड आहे."

युक्तिवादाला तोड नाही. सोन्याच्या मुलाम्याचं खरं काम एवढंच की टोक गंजत नाही, त्यामुळे रत्नागिरी-मालवणच्या दमट हवेत त्याला थोडा अर्थ तरी आहे. त्याने चित्र उजळत नाही. पण आपल्या माणसाला कुठल्याही वस्तूत सोनं आहे म्हटलं की ती वस्तू घसाऱ्यातून वजा होते आणि गुंतवणुकीत जमा होते.

आणि मग ती पांढरी डबी. काडेपेटीहून थोडी मोठी, एका अंगाला एचडीएमआय, दुसऱ्या अंगाला तीन रंगीत भोकं. या डबीच्या दोन जाती आहेत. एक एचडीएमआयचं एव्ही करते, दुसरी एव्हीचं एचडीएमआय. आकार एक, रंग एक, भोकं तीच, वजनही तेच; फरक वर छापलेल्या बारीक अक्षरांच्या क्रमात. आपल्याला हवी ती पहिली. दुकानदार हाताला लागेल ती देतो. घरी आल्यावर सगळं व्यवस्थित बसतं, डबीचा दिवाही लागतो, आणि चित्राचा पत्ता नसतो, कारण डबी मन लावून उलट्या दिशेने काम करत असते. शिवाय तिला स्वतःची वीज लागते, म्हणजे मोबाइलचा चार्जर, म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड, म्हणजे आजीच्या मच्छर पळवण्याच्या मशीनची हकालपट्टी. तिच्या कडेला पाल-एनटीएससीचं एवढंसं बटण असतं, ते चुकीच्या बाजूला असेल तर न्यू जर्सीचा भाचा न येताही तेच चित्र खालून वर गुंडाळायला लागतं.

बरोबर डबी मिळाली, बटण जमलं, चित्र आलं, तरी समाधान थोडकंच. डबीवर ऐटीत छापलेलं असतं '१०८०पी'. असेल, आत जाताना. बाहेर पडताना पालच्या नियमाने त्यातल्या ५७६ ओळीच पडद्यावर दिसतात. नवे गेम मोठ्या, रुंद टीव्हीसाठी रचलेले, त्यांतली अक्षरं मुळातच बारीक. आजीच्या टीव्हीवर त्यांची मुंगळ्यांची रांग होते. गोळ्या किती उरल्या हे पोराला वाचता येत नाही, त्या संपल्यावर कळतं. त्यात रुंद चित्र चौकोनी काचेत दाबून बसवलेलं, म्हणून पडद्यावरची सगळी माणसं उंच आणि किडकिडीत. आमच्या ओळखीतल्या एका आजींनी जपमाळ थांबवून चिंतेने विचारलं होतं, "हे सगळे सैन्यात आहेत ना रे? मग यांना जेवायला घालत नाहीत का?"

आवाजाची आणखी एक गोम. कितीतरी जुन्या टीव्हींना आवाजाचं भोक एकच, पांढरं. लाल टोक लोंबकळत राहतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. पण उजव्या बाजूने येणारा शत्रू त्या लालमधून चालत येत असतो. तो ऐकूच येत नाही आणि पोरगं दर वेळी उजवीकडून मरतं. गेमच्या सेटिंगमध्ये आवाज 'मोनो' केला की दोन्ही बाजूंचे शत्रू पांढऱ्यातून यायला लागतात. इतका साधा न्याय.

या सगळ्या मोहिमेत कामी येते ती घरातली वायरींची पिशवी. साड्यांच्या दुकानाची जाड प्लास्टिकची, बंद तुटलेली, माळ्यावर. तिच्यात मेलेल्या प्रिंटरची वायर असते, तीन पिढ्यांचे चार्जर असतात, डीव्हीडी प्लेअरसोबत आलेली आणि पीळ न सुटलेली एव्ही असते, आणि एक अशी वायर असते जिचं नातं घरातल्या कुठल्याच वस्तूशी लागत नाही. तिला टाकायचं नाही, कारण "लागेल कधीतरी". घरच्या बाईने ही पिशवी अनेकदा भंगारात काढलेली असते आणि घरच्या बाप्याने ती जिन्यावरून परत आणलेली असते. त्या बाप्याच्या बाजूने मी उभा आहे. पाच टोकांची, दोन लालांची कंपोनंट वायर आता दुकानदारालाही आठवून काढावी लागते.

आणि माझं मत विचाराल तर जुन्या गेमला जुना टीव्हीच हवा. १९८४ सालचा डक हंट घ्या, तोच तो बंदुकीने बदकं मारायचा. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो; बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड दिसला का एवढंच बघतो. गोळी बंदुकीतून सुटतच नाही, उलट बंदुकीत शिरते. आधी काळा पडदा का, तर बंदूक बल्बकडे धरून बदकं मारणारी चतुर पोरं जगात सगळीकडे असतात, त्यांची वाट बुजवायला. हा सगळा खेळ पोटवाल्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेला आहे, कारण तो आलेलं चित्र त्याच क्षणी काचेवर रंगवतो. हॉलमधला पंचावन्न इंची आधी चित्र घेतो, मोठं करतो, घासूनपुसून घेतो आणि मग दाखवतो. तोवर बंदुकीने बघून झालेलं असतं. लाखभर रुपयांच्या टीव्हीवर एक बदक मरत नाही. आजीच्या खोलीत सगळी पडतात.

तेव्हा मंडळी, भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जुन्या टीव्हीची पाठ एकदा पुसून बघा. हिरवं-निळं-लाल सापडलं तर तो टीव्ही कोणाला देऊ नका. नुसतं पिवळं असेल तर सगळ्यांत साधी एव्ही आणा, भारी वायरीने तिथे काही फरक पडणार नाही. गेम नवा असेल तर डबीवरची अक्षरं दुकानातच वाचा, आधी एचडीएमआय आणि नंतर एव्ही असं लिहिलेलं हवं. मागचं झाकण मात्र कोणीही, कितीही हुशार असला तरी, उघडायचं नाही; आत हजारो व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही ते काही काळ तिथेच मुक्काम करतात. आणि दुकानात जाताना टीव्हीच्या पाठीचा आणि गेमच्या पाठीचा असे दोन फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा. मेल का फिमेल ते मग दुकानदारच बघून घेईल.